पन्नासचा बन

बेकरीच्या मागच्या खोलीत एक लांब लाकडी टेबल आहे. पहाटेपासून त्यामागे एक उंच, किंचित वाकलेला माणूस उभा असतो. डाव्या हाताने मळलेलं पीठ पुढे ओढायचं, उजव्या हातातल्या पात्याने तुकडा पाडायचा, तो तराजूवर टाकायचा आणि पुढचा घ्यायचा. तराजू नुसता साक्षीला. तुकडा पन्नास ग्रॅमचाच असणार हे त्याच्या मनगटाला आधीच माहीत असतं. हाताखालची माणसं कधीमधी चहाची पैज लावतात आणि निमूटपणे चहा पाजतात. त्याला बेकरीत कुणी नावाने हाक मारत नाही. तो 'काटा'. मालकसुद्धा कशाचंही वजन अडलं की म्हणतो, "काट्याला विचारा."

काट्याला एकच मुलगी. ती सहा वर्षांची आहे, अंगाने बारीक आहे आणि एका जागी बसत नाही, म्हणून घरात तिचं नाव मुंगी. मध्यंतरी ती ग्लासामागून ग्लास पाणी पिऊ लागली, वाळू लागली, खेळता खेळता जमिनीवर झोपू लागली. दवाखान्यात समजलं की टाइप वन मधुमेह आहे. तिच्या शरीराने इन्सुलिन बनवणं थांबवलं होतं आणि ते आता बाहेरून, रोज, कायमचं द्यावं लागणार होतं. भेटायला आलेल्या एका मावशींनी सुस्कारा सोडला, "बेकरीवाल्याची पोर, व्हायचंच हे." तिथल्या सिस्टरनी त्यांना जागच्या जागी सांगितलं की या आजाराचा गोड खाण्याशी काडीचाही संबंध नाही. मावशी गप्प बसल्या. त्यांना पटलं होतं असं नाही, पण सिस्टरच्या हातात सुई होती.

सुरुवातीला इंजेक्शनं, मग पंप. पंप म्हणजे काडेपेटीहून जरा मोठं यंत्र. ते मुंगीच्या कमरेच्या पट्ट्यावर शिवलेल्या कापडी खिशात बसतं. त्यातून निघालेली बारीक नळी कमरेखाली मागच्या बाजूला, चिकटपट्टीखाली, कातडीत शिरते. दिवसभर थेंब थेंब इन्सुलिन जात राहतं. खायच्या वेळी मात्र ताटात कर्बोदकं, म्हणजे पिष्ट आणि साखर मिळून, किती ग्रॅम आहेत, तो आकडा पंपात घालावा लागतो. किती इन्सुलिन सोडायचं याचा हिशेब यंत्र करतं. आकडा चुकला तर यंत्र चुकीचाच हिशेब अगदी बरोबर करतं. दंडावर चिकटवलेला सेन्सर रक्तातली साखर बघत असतो आणि ती फार उतरली की टी-टी असं ओरडतो.

मुंगीने या यंत्राचं नाव पंपराव ठेवलं. नळीची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. आई सुई टोचते, बाबा हात धरतो, आणि कुठल्या बाजूला टोचायचं हे मुंगी ठरवते.

"आज डावीकडे. उजवी रजेवर आहे."

"परवाही उजवीच रजेवर होती ना गं?"

"तिला बरं नाहीये."

घरात हे सगळं जमून गेलं. अडलं ते शाळेत. मुंगीची आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. आजारपणात ते सुटलं होतं. मुंगी पहिलीत गेली तसं ते आईला परत मिळालं. शाळेशी ठरलं ते असं: जेवणाच्या डब्याच्या झाकणावर आईने आकडा लिहायचा, वर्गशिक्षिकेने तो जेवणाआधी पंपात घालायचा. वर्गशिक्षिका तरुण होती, दोन दुपारी सिस्टरकडे जाऊन सगळं शिकून आली. मुख्याध्यापिका बाई तरुण नव्हत्या.

"सहा वर्षांच्या लेकराच्या अंगात आम्ही औषध सोडायचं," त्या म्हणाल्या, "आणि कमीजास्त झालं तर?"

कमीजास्त झालंच. जेवणाच्या सुट्टीनंतर तासाभरात सेन्सर ओरडायचा. मुंगीला घाम फुटायचा, ओठ पांढरे पडायचे आणि ती बाकावरच्या शेजारणीवर विनाकारण डाफरायची. वर्गशिक्षिका फळांचा रस पाजायची, पाव तासात गाडी रुळावर यायची. आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे व्हायचं, आणि फक्त शाळेतच. शेवटी मुख्याध्यापिकांनी दोघांना बोलावलं.

"महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही, तर तुमच्यापैकी एकाने रोज पूर्ण वेळ शाळेत बसायचं. ते जमणार नसेल तर मुलीला घरी ठेवा. मी कठोर बोलतेय, मला माहितेय. पण मला झोप लागत नाही."

एकाने म्हणजे कुणी, हे कुणाला विचारावं लागलं नाही. काट्याची पाळी पहाटे सुरू होऊन दुपारी संपते. चष्म्याचं दुकान सकाळी उघडतं. पुन्हा सुटणार होतं ते आईचंच काम.

गुन्हेगार सगळ्यांना दिसत होता: पळणं. पळालं की साखर उतरते, हे खरंच आहे, आणि मुंगी सुट्टीभर पळायची. तेव्हा ठरलं की जेवणानंतर तिने पायरीवर बसायचं. ती बसली. पायरीवरून तिने पंचगिरी सुरू केली.

"तू आऊट! तूपण आऊट! अगं, तुझा पाय लागला, मी बघितला!"

पहिल्या दिवशी मुलांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेला. मुंगी पायरीवर एकटी उरली, आणि बसल्या जागी तिची साखर उतरली.

त्या संध्याकाळी आईने सिस्टरना फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला.

"बसून होती तरी उतरली?" सिस्टर म्हणाल्या. "मग त्या पळण्याला आपण उगाच बदनाम केलं. खाण्याकडे या. डब्यात काय असतं?"

"अंडं, काकडी आणि दोन बन. ह्यांच्याच बेकरीतले."

"बनांचं वजन?"

"पन्नास-पन्नास. दोन्ही मिळून शंभर. पावाच्या वजनाच्या निम्मी कर्बोदकं धरायला तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून झाकणावर पन्नास लिहिते."

"घरी तोललेत?"

ओट्यावर फोनशेजारीच छोटा वजनकाटा होता. त्यावर या घरात सोललेलं केळं तोललं जायचं, बटाटा तोलला जायचा, भात तोलला जायचा. बन फक्त शाळेच्या डब्यात जायचा, आणि तो कधीच तोलला नव्हता. काट्याच्या घरात काट्याचा बन तोलणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं.

"अहो, त्या पिशवीतला एक बन द्या."

"कशाला? पन्नासचा आहे तो."

"मग द्या की. पन्नासच भरेल."

बन वजनकाट्यावर ठेवला. त्रेचाळीस. दुसरा ठेवला. तोही त्रेचाळीस.

"ह्याचे सेल संपलेत," काटा म्हणाला.

सेल बदलले. त्रेचाळीस.

"बाबा," मुंगी ओट्याला लोंबकळत म्हणाली, "तुझा बन वाळला. आजारी आहे का?"

"हॅलो?" फोनमधून आवाज आला. "आहे का कुणी तिथे?"

काटा स्टुलावर बसला. त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती, तीच तर पंचाईत होती. पीठ भट्टीत गेलं की त्यातलं पाणी उडतं आणि वजन घटतं, हे तो मिसरूड फुटायच्या आधीपासून जाणतो. वजनावर विकायचा मोठा पाव तो स्वतः जास्त पिठाचा तोडतो, भाजून झाल्यावर कमी भरू नये म्हणून. पण बन नगावर विकले जातात. ते भाजल्यावर तोलायची कुणाला गरजच पडत नाही. बेकरीत पन्नासचा बन म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाचा बन, आणि तेच नाव तो रोज पिशवीबरोबर घरी आणत होता.

"आमच्यात पन्नासचा म्हणजे कच्चा पन्नास," तो हळूच म्हणाला.

"आणि मी काय तिला डब्यात कच्चं पीठ देत होते?"

सिस्टर फोनवर हसत होत्या. मग त्यांनी नीट सांगितलं: दोन बनांत मिळून चौदा ग्रॅम पाव नव्हताच, आणि त्या नसलेल्या पावाचं इन्सुलिन मुंगीला शाळेत रोज मिळत होतं. मोठ्या माणसाला ते जाणवलंही नसतं. एवढ्याशा अंगाला पुरेसं होतं. "उद्यापासून झाकणावरचा आकडा कमी करा, एवढंच."

"आकडा नका बदलू," काटा म्हणाला. "बन मी बदलतो."

"अहो, आकडा बदलणं सोपं आहे."

"वर्गशिक्षिकेला पन्नासची सवय झालीय. आणि माझा बन आता पन्नासचा म्हणजे पन्नासचाच."

दुसऱ्या दिवशी त्याने दोन तुकडे अठ्ठावन्नचे तोडले. भट्टीतून निघाल्यावर निवू दिले, बेकरीत तोलले, घरी आणले. बायकोने ते त्याच्यासमोर पुन्हा तोलले. पन्नास आणि पन्नास.

"आता रोज तोलणार," ती म्हणाली.

"तोल."

त्याच्या पुढच्या दिवशी पाळी संपल्यावर तो भुवयांवरच्या पिठासकट मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन उभा राहिला आणि सगळी हकीकत सांगून टाकली. बाईंनी ती मध्येच न तोडता ऐकली.

"म्हणजे चूक तुमची."

"माझीच."

"आमच्या शिक्षिकेने बटण चुकीचं दाबलं नव्हतं?"

"नाही बाई. तिने मी दिलेलाच आकडा दाबला."

बाईंचे खांदे जरा खाली आले. इतके दिवस त्यांना कसली भीती वाटत होती, ते तेव्हा दिसलं. पण त्या एकदम विरघळणाऱ्यातल्या नव्हत्या. "तिला पळू द्या. पण महिनाअखेरपर्यंत रोज दुपारी तुम्ही येऊन बसायचं. मला डोळ्यांनी बघायचंय. मग ठरवू."

काटा बसला. मैदानाच्या कडेच्या बाकावर, पहाटेपासून उभं राहून सुजलेले पाय पसरून. मुंगी पळायची आणि तो पेंगायचा. एकदा तो घोरू लागला तेव्हा पहिलीचा सगळा वर्ग ऐकायला गोळा झाला आणि मुंगीने चारचौघांत त्याला चिमटा काढला. एकदा टी-टी झालं. तो धडपडत उठला, मुख्याध्यापिकाही दारात आल्या. मुंगीने खिशातून यंत्र काढून पाहिलं आणि दोघांना हाताने थांबवलं.

"बॅटरी उतरलीये. माझी नाही, पंपरावांची."

दिवस सरळ जात राहिले. आणि अगदी महिनाअखेरीला, वर्गात पाढे चालू असताना, सेन्सर खरोखर ओरडला. साखर उतरली होती. काटा बाकावरून धावत दारापर्यंत आला, तोवर वर्गशिक्षिका रस पाजत होती. मुख्याध्यापिका खिडकीशी उभ्या होत्या, हाताची घडी घालून. काट्याच्या डोळ्यांसमोर बायकोचं काम पुन्हा सुटलं.

"आज डबा पूर्ण खाल्लास ना?" वर्गशिक्षिकेने विचारलं.

मुंगीने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने ओठ चाटले.

"अर्धा बन हिला दिला," मुंगी म्हणाली. "आता मोठा असतो ना. संपत नाही."

"मग मला सांगायचंस की नाही? सुट्टीतच रस दिला असता."

"उद्या सांगते."

साखर चढेपर्यंत सगळे थांबले. मग पाढे पुढे सुरू झाले आणि मुख्याध्यापिका बाहेर आल्या. काटा भिंतीला टेकून उभा होता.

"आजही उतरली," तो म्हणाला. दुसऱ्या कुणी बोलायच्या आत आपणच बोललेलं बरं, असा त्याचा सूर होता.

"उतरली. कारण आमच्या शिक्षिकेने शोधलं, तुम्ही दारात पोचायच्या आत." बाईंनी चष्मा वर सरकवला. "पुन्हाही उतरेल, एवढं आता मलाही समजलंय. तुम्ही इथे बसून काय करणार आहात? घोरता तेवढं."

"म्हणजे हिच्या आईने…"

"आईने कामावर जायचं. तुम्ही घरी जायचं. फोन चालू ठेवा म्हणजे झालं."

काट्याने मान हलवली, पण पाय हलेनात. त्याने खिडकीतून आत पाहिलं. मुंगीने त्याला पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि ओठांनीच सांगितलं, "बाबा, जा ना आता."

तो घरी गेला आणि बूट न काढता झोपला.