वहिनीने मिळवलेला धर्माचा तास

आमची वहिनी दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते. ठणकणारा दात घेऊन आलेली माणसं आधी तिच्यावरच तोंडसुख घेतात, आणि ती शांतपणे म्हणते, "बसा, तुमचंही ऐकते." मी असते तर कधीच नोकरीवर लाथ मारली असती.

आम्ही सगळे राहतो परक्या मुलखात; वहिनीच्या लेकीची, म्हणजे माझ्या भाचीची, शाळाही तिथलीच. अभ्यासक्रमात धर्माचा तास सक्तीचा, पण तो तिथल्यांच्याच धर्माचा. त्या वेळात आपली मुलं बाहेर व्हरांड्यात. माझी भाची दप्तर मांडीवर घेऊन समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. वहिनीला हे कळलं त्या दिवशी तिला घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी ती थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत. त्या म्हणाल्या, "शिकवणारं माणूस आणा, निरीक्षकांना पाठ घेऊन दाखवा. पटलं तर तुमचाही तास."

शिकवायला वहिनीच उभी राहिली. पण काय शिकवायचं हे ठरवायला पालक जमले, आणि आपलीच माणसं ती! मूर्ती हवी की नको, प्रार्थना मोठ्याने की मनात, जो तो म्हणे, "आमच्यात असं नसतं." एक काका तर रागाने चहा तसाच टाकून उठून गेले. मी म्हटलं, "सोड नाद, हे बाराघरचे बारा." ती म्हणाली, "माझी पोर आता बाहेर बसणार नाही, वन्सं."

निरीक्षक आले तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. मी मागे बसले होते. वहिनीने मुलांना विचारलं, "तुमच्यात देवाशी कसं बोलतात?" एकाने हात जोडून खड्या आवाजात म्हणून दाखवलं. एक मुलगी नुसतीच डोळे मिटून बसली. भाची म्हणाली, "आमच्यात आई भांडी घासताना बोलते. कधीकधी रागावते पण." मी लाजेने अर्धी झाले.

निरीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली. "यातलं बरोबर कुठलं?"

"ज्याच्या त्याच्या घरी ज्याचं त्याचं," वहिनी म्हणाली. "दुसऱ्याचं नीट ऐकायचं, हसायचं नाही, एवढंच मी शिकवते."

तास मंजूर झाला. खोली मिळाली, फळा मिळाला, प्रगतिपुस्तकात विषय आला. चहा टाकून गेलेले काका आता सांगत फिरतात की कल्पना मुळात त्यांचीच. सांगू देत बापडे. मला मात्र वहिनीचा इतका अभिमान वाटला की दवाखान्यात जाऊन दात दुखत नसताना बसून आले.

मागच्या आठवड्यात मुख्याध्यापिका स्वतः वर्गाच्या दारात आल्या. मागे दोन मुली, भलत्याच देशातल्या, निराळ्याच धर्माच्या. "यांना शिकवणारं कोणी नाही," त्या म्हणाल्या, "आणि बाहेर बसवायला आता मलाच नको वाटतं."

वहिनी काही बोलायच्या आत भाची बाकावर सरकली आणि त्यांना म्हणाली, "या गं. तुमच्यात देवाशी कसं बोलतात?"