मातीखाऊ आबा

आबा मोटारीला लावायची पूड आधी स्वतः खाऊन बघत. खाऊन म्हणजे पोटात घालत नसत. चिमूटभर पूड जिभेवर घ्यायची, पुढच्या दोन दातांत धरून हळूच घोळवायची आणि डोळे मिटून ऐकायचं. किंचित जरी कचकच लागली तरी आबा थुंकून मोकळे व्हायचे आणि ते मडकं बाजूला सरकवायचे. नंदुरबारच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमधले हमाल त्यांना मातीखाऊ म्हणत. आबांच्या कानावर ते जायचं, पण त्याची त्यांना मजाच वाटायची.

मी त्या जिनिंगच्या शेठचा ड्रायव्हर. मूळचा धानोऱ्याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची चार-पाच वर्षं आबा आणि मी एका मोटारखान्यात काढली. आबा कोरीटचे. तरुणपणी सुरतेला एका बग्ग्या रंगवणाऱ्याकडे राहून ते हे काम शिकले होते. बग्ग्या गेल्या, मोटारी आल्या, तसे आबा आपली मडकी घेऊन बग्गीवरून मोटारीवर आले. "तू गाडी हाकस, मी गाडी पाळस," असं मला ऐकवायचे. हे खरंच होतं. मोटार माझ्या हातात फार तर दोन तास असायची, बाकी दिवसभर त्यांच्याच हातात.

मडकी चार होती. आबा तापीकाठचा गाळ आणून पहिल्या मडक्यात पाण्यात ढवळत. जाड रेती खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, तिथून चौथ्यात. चौथ्या मडक्यात दोन दिवसांनी तळाशी जो थर बसे तो वाळवला की लोण्यासारखी पूड निघायची. ती जवसाच्या तेलात कालवून फिकट पडलेल्या रंगावर घासली की रंग उजळायचा. तिसऱ्यातली जरा कडक, ओरखड्यांसाठी. दुसऱ्यातली फक्त पितळी दिव्यांना. कुठला डाग आला की आबा नेहमी चौथ्या मडक्यापासून सुरुवात करत. "पहिले मऊ. मऊनी नही जमनं, तवय कडक." मला वाटायचं, सरळ कडक लावावं आणि घरी जावं. तसं मी म्हटलंही एकदा. त्यावर आबा माझ्याकडे असे बघत राहिले की मीच तिथून उठलो.

कामाला लागण्याआधी ते हातातलं चांदीचं कडं काढून खुंटीला लावत, बंडी काढत, कारण तिला पितळेचं बटण होतं. घासायचं फडकं म्हणजे शंभरदा धुतलेलं जुनं धोतर. ते हातातून निसटून जमिनीला लागलं की संपलं. कितीही झटका, कितीही धुवा, पुन्हा मोटारीला लावायचं नाही. "खाले पडना, म्हणजे मरना," असं म्हणून ते माझ्या अंगावर फेकत आणि मी त्याने टायर पुसायचो. शेवटचा हात मात्र फडक्याचा नसे. तळहाताला जरासं तेल लावून आबा अख्खं बॉनेट नुसत्या हाताने चोळत, आणि चोळताना त्यांचा चेहरा एवढा शांत व्हायचा की मला त्यांचा हेवा वाटायचा. मला मोटार चालवताना असं कधी वाटलं नाही.

शेठला आबांचं कौतुक होतं, पण ते तमाशाचं कौतुक. पाहुणे आले की त्यांना मोटारखान्यात आणायचे आणि म्हणायचे, "आबा, चाखीने बतावो!" आबा मुकाट्याने चिमूट तोंडात टाकत. पाहुणे हसत. मीही हसायचो, ते लिहून ठेवलेलं बरं.

एका वर्षी शेठने मुंबईहून मोटार चकाकवायच्या विलायती मलमाचा डबा आणला. आबांनी बोटावर घेऊन चाखला, तोंड वाकडं केलं, तरी शेठच्या शब्दाखातर लावून पाहिला. नवी वस्तू लावून बघायची तर जागा ठरलेली होती, मागे स्टेपनीखालची तळहाताएवढी, कुणाला न दिसणारी. दहा-बारा हात फिरले आणि रंगाखालचा तांबडा अस्तराचा थर वर आला. "हाई मलम रंग खाई जास, डाग नही," आबा म्हणाले. शेठचं तोंड उतरलं. नोकराने आपल्याला शहाणपण शिकवलेलं कुठल्या मालकाला आवडतं? डबा फळीवर गेला, पण शेठच्या मनातून गेला नाही. तेव्हापासून ते आबांची चूक शोधत होते, आणि हे मला कळत होतं.

त्याच हिवाळ्यात आबांचे पुढचे दात गेले. आधी हिरड्या सुजल्या, मग एकापाठोपाठ एक दात हलून पडला. त्यांनी ते कुणालाही कळू दिलं नाही. मिशा वाढवल्या, बोलणं कमी केलं, भाकरी डाळीत भिजवून तोंड फिरवून खाऊ लागले. मला कळलं ते एवढ्यामुळे की एक दिवस त्यांनी मला बाजूला बोलावलं, चिमूट पुढे केली आणि फार हळू म्हणाले, "भो, जरा तू चाखी दख. खरखर लागस का?"

मी चाखलं. पहिल्या दिवशी काहीच कळेना. आबांनी आठ दिवस मला बसवून शिकवलं. दाढेने नाही, पुढच्या दातांनी. चावायचं नाही, घोळवायचं. "रंगले ओरखडा पडस, तो आधी दातले ऐकू येस." मला ते जमलं, आणि सुरुवातीला अभिमानही वाटला. सुरतेच्या कारागिराचे दात झालो होतो मी! पण मग रोज दोनदा, तीनदा. तोंडात सदा तापीची चव. मला त्याचा वीट येऊ लागला आणि आबांना ते दिसत होतं. मागताना ते आता माझ्या तोंडाकडे बघत नसत.

होळीला शेठ एका साहेबाला डोंगरातल्या काठी गावची होळी दाखवायला घेऊन गेले. मोटार जिथवर जाते तिथवर मी नेली, पुढे ते घोड्यांवरून गेले. परतताना खोल चाकोरी चुकवायला मी मोटार झुडपांतून काढली आणि बोरी-बाभळींनी दोन्ही दारं आणि बॉनेट ओरबाडलं. चूक माझीच. तीन दिवसांनी शेठच्या लेकीचे सासरे सुरतेच्या गाडीने येणार होते. शेठ आबांना म्हणाले, "मला दारात तोंड दिसलं पाहिजे. नाहीतर तुमची मडकी घ्या आणि कोरीटला जा."

आबांनी तिसऱ्या मडक्यातली पूड काढली. ती जरा वेगळी दिसत होती, त्यांना शंका आली होती. स्टेपनीखालची जागा मलमाने आधीच खाल्लेली, तिथे आता काही कळणार नव्हतं. उरलो मी. दुपारची वेळ. मी नुकतंच गेटवरच्या पानवाल्याकडून पान लावून घेतलं होतं, गालात भरलं होतं, रस सुटत होता. आबा चिमूट घेऊन आले. ते पान थुंकणं माझ्या जिवावर आलं. मी चिमूट ओठाशी नेली, जिभेला लागली न लागली, आणि म्हटलं, "नाही लागत, आबा."

ते क्षणभर उभे राहिले. मग गेले आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही दारं आणि बॉनेट घासत बसले.

तेल होतं तोवर सगळं झकास दिसलं. सासरे यायच्या सकाळी स्टेशनवर जायला मी मोटार उन्हात काढली, शेठने स्वतः रुमालाने तेल पुसलं, आणि दारं-बॉनेटभर केसाएवढ्या बारीक ओरखड्यांची वर्तुळं दिसू लागली. काट्यांचे ओरखडे त्यापुढे काहीच नव्हते. शेठ ओरडले, "आ शूं कर्युं? चाख्युं नहोतुं?"

मी चाक धरून बसलो होतो. आबा माझ्यापासून चार हातांवर उभे होते. ते म्हणाले, "चाखं व्हतं, शेठ. मन्हीच चूक शे." चौथ्या मडक्यातल्या पुडीने चार दिवसांत सगळं निघेल, एवढी मुदत त्यांनी मागितली. शेठने मडकी अंगणात आणवली आणि हमालांकडून फोडून घेतली. आबा खुंटीवरचं कडं घेऊन चालू लागले. मी मोटार सुरू केली, कारण स्टेशनवर गाडीची वेळ झाली होती.

कोरीटला जायला मला दीड वर्ष लागलं. आबा खळ्यावर कुणाची तरी ज्वारी राखत बसले होते. मिशा काढून टाकल्या होत्या, आता लपवायचं कुणापासून? त्यांनी मला पाणी दिलं, घरचं विचारलं. मग मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी चाखलंच नव्हतं."

"माले माहीत व्हतं," आबा म्हणाले. "तुन्हा तोंडमा पान व्हतं. वास उना ना."

मी म्हटलं, मग घासलं कशाला? पुन्हा का नाही विचारलं?

"आखो कितला दाव इचारतू तुले? तुन्हं तोंड मी दखस नही का?" मग जोंधळ्यावरची चिमणी हाकलत म्हणाले, "आनि दुसरा कोनले इचारतू? शेठले सांगतू का, मन्हा तोंडमा दात नहीत?"

मी रडलो. आबांनी मला गप्प केलं नाही, रागही भरला नाही. निघताना वेशीपर्यंत सोडायलाही आले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मला कुणी कळवलं नाही, बाजारात कोरीटचा एकजण भेटला त्याच्या बोलण्यात आलं.

मोटारीला मग विलायती मलमच लागलं. मीच लावायचो. दोन वर्षांत बॉनेट तांबडं पडलं, शेठने नवी मोटार घेतली आणि ती मी आणखी अकरा वर्षं चालवली. पाहुणे आले की शेठ त्यांना मोटारखान्याशी आणत, माझ्या खांद्यावर हात ठेवत आणि सांगत, हा आमचा सगळ्यात भरवशाचा माणूस. मी हात जोडून उभा राहायचो.