चूक नसताना दिलेला खुलासा

शिक्षकाच्या हाती वरून आलेला कागद पडला की तो आधी खुलासा लिहायला बसतो, कागद नंतर वाचतो. मी बावीस वर्षं हेच केलं. माहिती उशिरा गेली, खुलासा. प्रशिक्षणाची बस चुकली, खुलासा. मजकूर तोंडपाठ झालेला: ‘झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, यापुढे असे होणार नाही, तरी क्षमा असावी.’ खाली सही केली की प्रकरण मिटलं. या सवयीनं माझा असा घात केला की अजूनही पोस्टमन शाळेच्या फाटकाशी दिसला तरी मी आधी पेन शोधायला लागते.

मी उंद्रीच्या शाळेत भूगोल शिकवते, चिखलीहून जाऊन-येऊन. वर्गातल्या निम्म्या मुलांचं गाईड पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त मळलेलं असतं. त्या गाईडात लोणारचं सरोवर ज्वालामुखीमुळे झालं, असं छापलेलं होतं. आमच्याच जिल्ह्यातलं सरोवर, उल्का आदळून झालेलं. सहलीला जाऊन आलेलं पोरगंही सांगेल. माझं डोकंच सटकलं. गाईडची चार पानं मोबाईलसमोर धरली, लाल पेनानं एकेक चूक दाखवली आणि तो व्हिडिओ माझ्या चॅनेलवर टाकला. मुलांनी पाहिला, त्यांच्या आयांनी पाहिला, मेहकरच्या एका शिक्षकांनी सगळीकडे पुढे पाठवला. मी जरा फुशारलेही, खोटं कशाला सांगू.

महिन्याभरात शाळेच्या पत्त्यावर नोटीस आली. गाईडच्या प्रकाशकानं दिल्लीच्या वकिलामार्फत पाठवलेली. आमची पानं परवानगी न घेता दाखवलीत, हा कॉपीराइटचा भंग आहे, व्हिडिओ काढा, भरपाई द्या, नाहीतर दावा लावू. माझ्याआधी मुख्याध्यापकांचाच चेहरा उतरला. “मॅडम, शाळेचं नाव आलं यात. काहीतरी लिहून देऊन टाका.” त्यांच्याच टेबलावर बसून मी लिहून दिलं. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. व्हिडिओ मात्र तसाच ठेवला. दिलगिरी पोचली म्हणजे झालं, असं मी धरून चालले.

पंधरा दिवसांनी दुसरी नोटीस आली. तिला माझ्याच पत्राची झेरॉक्स जोडलेली होती.

चिखलीत आमच्या ओळखीचे एक वकील आहेत, जन्म वाटण्या आणि बांधाच्या भांडणांत गेलेला. त्यांनी कागद ठेवून घेतले आणि आठवड्यानं बोलावलं.

“कायदा तुमच्या बाजूनं हाय,” ते म्हणाले. “टीका करायले, शिकवायले दुसऱ्याची थोडी पानं दाखवता येतात. रास्त वापर म्हनतात त्याले.”

मी पर्स उचलून उठायला लागले. तेवढ्यात त्यांनी ती झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली.

“पन तुमचं चुकलंच नव्हतं, तं हे काऊन लिहून देलं?”

“सवयीनं.”

“सवय कोर्टाले नाई समजत, मॅडम. तिथं ह्याले कबुली म्हनतात.”

मग त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. दावा दिल्लीत चालणार. या कायद्यातला माहीतगार वकील तिथलाच करावा लागणार, त्याची फी आपल्याला झेपणारी नाही. तारखेवर तारीख, दर तारखेला रजा, आणि हे किती वर्षं, कोणी सांगावं. “तुम्ही जिंकान, असं मले वाटते,” ते म्हणाले. “पन तोपर्यंत टिकान का, हे तुमचं तुम्ही पाहा.”

पुढचे दोन महिने मी माणसात नव्हते. फोन वाजला की दचकायचे. वरणात दोनदा मीठ पडायचं. बसमध्ये बसल्या बसल्या मनातल्या मनात साक्ष देत राहायचे. एकदा अशी गुंतले की उंद्रीचा थांबा मागे पडला आणि पुढच्या गावाहून जीपनं परत यावं लागलं. आमचे हे म्हणाले, “तू खरी हायस, मले मालूम हाय. पन दिल्लीले कोन जाईन? पोरीच्या अ‍ॅडमिशनचं वर्ष हाय.” त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं.

शेवटी प्रकाशकाच्या वकिलाकडून तडजोडीचा मसुदा आला. व्हिडिओ काढायचा आणि गाईडातल्या मजकुराबद्दल यापुढे कुठेही, लेखी किंवा तोंडी, बोलायचं नाही. भरपाई माफ. मी सही केली. त्या प्रकाशकाचा आला नाही एवढा राग मला माझा आला.

शाळा सुरू झाली. नव्या दहावीत पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, शंका विचारल्याशिवाय तिला करमत नाही. मी लोणार शिकवत होते. उल्का आदळून झालं, असं सांगितलं. ती गाईड उघडून उभी राहिली.

“मॅडम, यात तं ज्वालामुखी देलं हाय. मंग गाईड चुकलं का?”

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. हो, एवढंच म्हणायचं होतं. पण दहावीतली पोरं दप्तरात मोबाईल आणतात, हे मला माहीत आहे. तोंडी म्हणजे वर्गातलंही आलं का, हे वकिलांना विचारायचं राहून गेलं होतं.

“तसं मी म्हटलेलं नाही,” मी म्हणाले.

ती खाली बसली आणि वहीत लिहिलेलं ‘उल्का’ खोडून तिनं वर ‘ज्वालामुखी’ लिहिलं. मी बघत होते. मी तिला थांबवलं नाही.