कांताकाकीचं गाऱ्हाणं

कांताकाकीला कुणी काही विचारलेलं नसलं तरी तिचं मत तयार असतं. क्रिकेटबद्दल तर असतंच, कारण मी क्रिकेटवाली, ती फुटबॉलवाली, आणि आमची दारं समोरासमोर.

"पाच पाच दिवस खेळतत आणि मगे निकाल नाय," ती म्हणते. "मधीच चा पितत, मधीच जेवूक बसतत. ह्यो खेळ काय बारसा?"

मी म्हटलं, "काकी, आता वीस ओव्हरांचं पण असतं."

"ता तर लगनातला बुफे. बगणाऱ्याक वाटता खूप खाल्ला, आणि घराक येवन परत भात टाकूचो लागता."

मी दादरची. लग्न होऊन परळच्या या चाळीत आले तेव्हा आईने बजावलं होतं की शेजार बघून घे. आम्ही खोली बघितली, नळाला पाणी किती वेळ येतं ते बघितलं, शेजार बघायचा राहिला. आता इतकी वर्षं झाली, पण रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर चपला काढायच्या आधी मला काकीचं आजचं मत ऐकावं लागतं. मालिकांतल्या सासवा झोपतानाही नथ काढत नाहीत आणि त्या घरातलं कुणीच कामावर जात नाही, मग हे लोक खातात काय? समोरच्या मिलच्या जागेवर टॉवर उभा राहिला, त्याच्या काचेतून मशीनवर पळणारी माणसं दिसतात. काकी गॅलरीत उभी राहून त्यांच्याकडे बघते आणि म्हणते, "जीव खावन धावतत आणि थयच्या थयच. बॉल नाय, गोल नाय. कोण मागसून लागलो हा काय त्येंच्या?"

माझ्या मुलालाही ती सोडत नाही. पुष्कर कॉलेजात आहे, रात्र जागून परदेशातल्या क्लबांच्या मॅच बघतो. एकदा सकाळी जर्सी घालून बाहेर आला आणि म्हणाला, "काकी, काल आपण जिंकलो."

"आपण म्हणजे कोण रे? त्येंका ठावक तरी आसा काय, तू परळाक रवतंस ता? आपली मॅच आयतवारी आसा. येतलंस?"

पुष्करने डोकं खाजवलं आणि तो आंघोळीला गेला.

'आपली' म्हणजे श्री सातेरी क्रीडा मंडळाची. गावच्या देवीचं नाव देऊन गिरणीतल्या लोकांनी काढलेला हा संघ. गिरण्या गेल्या, संघ राहिला. आताचा गोलकीपर लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या सांभाळतो, एक बॅक घरोघरी पार्सलं पोचवतो. कांताकाकी आणि तिचा नवरा दत्ताराम राऊळ, दोघं या संघाची एकही मॅच चुकवायचे नाहीत. काका माझगावच्या गोदीत होते, काकी इथेच एका हॉस्पिटलात आया. ड्यूट्या बदलून घ्यायच्या, पण मॅचला जायचंच. लोक सिनेमाला जोडीने जातात, हे दोघे मैदानाच्या कडेला जोडीने ओरडायला जायचे.

आणि मॅच सुरू व्हायच्या आधी दत्तारामकाका गाऱ्हाणं घालायचे. कोकणात कुठलंही कार्य असो, एकाने देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. काकांनी ते लग्नमांडवातून उचलून मैदानावर आणलं होतं. हातात नारळ, समोर अकरा पोरं, आणि काका गोदीत कमावलेल्या आवाजात देवीला सांगायचे की आज जरा लक्ष ठेव. साथ न मिळालेलं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही म्हणतात, त्यामुळे पोरंच काय, पाणी देणारा, पंचाची पिशवी सांभाळणारा, सगळेच ओरडायचे. मी एकदाच गेले होते, उन्हाने डोकं दुखलं, पण ते 'व्हय म्हाराजा' अजून कानात आहे.

गेल्या श्रावणात काका गेले. बाराव्या-तेराव्यापर्यंत काकी गप्प होती आणि चाळीला ते सहन होईना. मग मंडळाच्या पहिल्या मॅचच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसली, नेहमीचं मोठं कुंकू लावलं आणि एकटी निघाली. जिन्यात कुणीतरी कपाळाकडे बघितलं. "ह्या कुकू मी जल्मापासून लावतंय. तेवा दत्ताराम खयसर होतो?" एवढं बोलून ती उतरली.

गाऱ्हाणं आता काकांचा पुतण्या घालू लागला. विनीत त्याचं नाव. चांगला मुलगा, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, मालवणी त्याला समजते पण बोलताना ठेचा लागतात. पहिल्या दोन मॅच हरलो. तिसरी माझगावच्या संघाशी. विनीतला गावच्या लग्नात ऐकलेलं आठवत होतं तेवढं तो म्हणाला, आणि लग्नात म्हणतात तसंच म्हणाला, "हयसर जमलेल्या सगळ्या लेकरांका यश दे रे म्हाराजा!" सगळ्यांनी दणक्यात साथ दिली, "व्हय म्हाराजा!" कुणाच्या ध्यानातही आलं नाही की जमलेल्या लेकरांत समोरचा संघही धरला गेला. आपण दोन गोल केले. मग त्यांनी दोन केले. मॅच बरोबरीत सुटली.

"देवीची काय चूक?" काकी घरी येऊन मला म्हणाली. "मागलास ता दिल्यान. दोगांकाय यश." मी हसून हसून भिंतीला टेकले. ती मात्र हसत नव्हती. "एकान तरी आयकला काय गो, तो काय म्हणता ता? ह्येंका आयकाची सवय नाय. व्हय म्हणाची सवय आसा."

असंच हरत हरत मोसम सरला आणि शेवटची मॅच आली, शीव कोळीवाड्याशी. जिंकलो तर याच डिव्हिजनमध्ये राहणार, नाहीतर घसरून खाली जाणार. काकी सरळ मंडळाच्या खोलीत गेली आणि म्हणाली की या वेळचं गाऱ्हाणं मी घालणार. काही मदत होईल म्हणून मला सोबत नेलं होतं.

मंडळाचा सेक्रेटरी हेरंब. त्याच्याकडे दोन मोबाइल आहेत, मंडळाचा ट्रॅकसूट आहे, आणि आयुष्यात त्याने चेंडूला पाय लावल्याचं कुणाला आठवत नाही. तो म्हणाला, "काकी, बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. देवाला चालत नाही."

"देवान तुका फोन केलो? खयच्या मोबाइलार?"

"मस्करी नको. रीत आहे."

"मंडळ देवीचा. सातेरी बाई की बापयो? बाईक बाईचा गाराणा चालना नाय?"

हेरंबने आवाज खाली आणला. "आणि काकी, नारळ फोडायचा असतो. काका असते तर गोष्ट वेगळी. तुम्ही आता... समजून घ्या ना."

माझं डोकं फिरलं. ज्या बाईने हॉस्पिटलात परक्यांची मढी धुतली, जिने याच पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या, तिच्या हातचा नारळ या ट्रॅकसूटवाल्याला अशुभ वाटत होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर काकीने माझं मनगट धरलं. "चल गो," म्हणाली. "आयतवारी बगू." वाटेत तिने बाजारातून नारळ घेतला, कानाशी धरून हलवून बघितला, तो ठेवून दुसरा घेतला.

त्या रविवारी भारताची मॅच होती. मी टीव्ही सोडून तिच्याबरोबर मैदानावर गेले, हे लिहून ठेवते, कारण ती हे उपकार मानायला तयार नाही.

हेरंबने पोरांना आधीच ताकीद दिली होती की गाऱ्हाणं विनीत घालेल, काकी काही बोलली तर कुणी साथ द्यायची नाही. पोरं खाली बघत बुटांच्या नाड्या बांधत होती. पलीकडे कोळीवाड्याची माणसं जमली होती, त्यांच्या बायका ऐटीत खुर्च्या टाकून बसल्या होत्या. काकी चालत गेली आणि दत्तारामकाका उभे राहायचे त्याच जागी, गोलपोस्टच्या उजव्या अंगाला उभी राहिली. विनीत तिला बघून दोन पावलं मागे झाला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं सुटल्यासारखं हसू मी त्याच्या लग्नातही बघितलं नव्हतं. हेरंब आमच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता.

काकीने नारळ वर धरला आणि आवाज काढला. हॉस्पिटलच्या वॉर्डात या टोकाहून त्या टोकाला हाक मारणाऱ्या बाईचा आवाज होता तो.

"बा देवी सातेरी, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

आणि थांबली. काका थांबायचे अगदी तेवढीच. कुणीच काही बोललं नाही तर ही बाई इथे सगळ्यांसमोर एकटी पडणार होती.

"व्हय म्हाराजा!"

हेरंब! पाठमोरा, कानाला फोन, आणि तोंडातून खणखणीत 'व्हय म्हाराजा'. पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं, कानावर पडलं की जीभ आपोआप हलते. त्याची हललीच, आणि त्याच्यामागे सगळ्यांच्या हलल्या.

"आज ही तुजी लेकरा खेळूक उतरली हत, त्येंच्या पायांत बळ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"समोरच्या पोरांचे हातपाय शाबूत रवांदेत, पण त्येंचे गोल चुकांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कोळीवाड्याच्या बायकांतूनही दोघीतिघी ओरडल्या आणि मग एकमेकींना चापट्या मारू लागल्या.

"जो कोण म्हणता बायकांनी गाराणा घालू नये, त्येका सुबुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज हेरंबचा.

"आणि आजपासून मंडळाचा गाराणा ही कांताच घालतली, मधी कोणी आडकाठी केल्यान तर ती मोडून काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गोलकीपर आधी हसला. मग बाकीच्यांना उमगलं. हेरंब गर्रकन वळला, फोन कानाला तसाच, आणि त्याच्या तोंडाचा रंग बघून मला भारताची मॅच सोडल्याचं सार्थक वाटलं. पण देवीसमोर, हातात नारळ असताना दिलेला शब्द परत घ्यायचा कसा? हेच तर त्याच्या रीतीत बसत नव्हतं.

काकी अजून संपली नव्हती. आवाज थोडा खाली आला.

"जो ह्या जाग्यार हुबो रवान इतकी वर्सा तुका हाक मारी, तो आज खय आसा ता तुकाच ठावक. जयसर आसात थयसून त्येका मॅच दिसांदे रे म्हाराजा."

या वेळी साथ लगेच आली नाही. पोरांनी हसणं थांबवलं, आणि मग सगळे सावकाश, एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा." हे मात्र त्यांनी ऐकून म्हटलं होतं. मीसुद्धा म्हटलं. काकीने नारळ दगडावर आपटला, एका घावात दोन भकलं.

आणि आम्ही हरलो.

एका गोलने. आपला एक फटका पोस्टला लागून परत आला, त्यांचा एक कॉर्नरवरून आत गेला. काकीने पंचाच्या डोळ्यांची, त्याच्या चष्मेवाल्याची आणि त्याला पंच नेमणाऱ्याची सगळ्यांची हजेरी घेतली, पण शिट्टी वाजली ती वाजलीच. मंडळ खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं. पोरं गवतावर पडली होती. हेरंब आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणून सांगत होतो. देवीला चाललं नाही."

काकी रडत होती आणि रडता रडताच भांडत होती. "आदीचे गाराणे कोणी घातल्यान रे? बापयांनी ना? हरान हरान हयपर्यंत इलास ते काय माझ्या नारळान? आणि व्हय कोण म्हणालो? मी तुजा तोंड धरलंय काय? आमी खाली गेलंव तर गेलंव. थयसर पण मैदान आसा, थयसर पण देवी आसा, आणि मी पण आसय!"

गोलकीपर उठला आणि त्याने काकीची पिशवी उचलली.

नवा मोसम सुरू झाला. खालच्या डिव्हिजनचं मैदान म्हणजे अर्धी माती, अर्धे खड्डे, एका गोलला जाळी आहे आणि दुसऱ्याला नाही. "बरा झाला," काकी म्हणाली, "बॉल गेलो की नाय ह्येच्यार भांडाक तरी गावतला." पहिल्या मॅचला मी गेले. पुष्करही आला, परदेशी जर्सी घालून, तिच्यावर काकीने एक नजर टाकली आणि माफ केलं. ती तिच्या जागी उभी राहिली. नारळ या वेळी मंडळाने आणला होता. सोलून, शेंडी नीट ठेवून तो तिच्या हातात कुणी दिला, तर हेरंबने.

काकीने सुरुवात केली. हेरंब आता फोन खिशात ठेवतो. मान वाकडी करून प्रत्येक ओळ शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतो, मनातल्या मनात तपासतो आणि मगच तोंड उघडतो, त्यामुळे त्याचं 'व्हय म्हाराजा' सगळ्यांच्या मागून येतं.

शेवटी ती म्हणाली, "औंदा जिंकांदे रे म्हाराजा. आणि नाय जिंकलंव, आणिक खाली गेलंव, तरी पुढच्या वर्सा माका हयसरच हुबी रवांदे रे म्हाराजा!"

पोरं थांबली आणि हेरंबकडे बघू लागली. त्याने ते सगळं नीट ऐकलं होतं. एकदा काकीकडे बघितलं, एकदा नारळाकडे, आणि मग सगळ्यांच्या आधी तोच ओरडला.