माणगावपर्यंत सुकट

गरजूंना धान्य वाटायला मी आयुष्यात एकदाच गेलो, आणि संध्याकाळी त्या कोठीत सकाळपेक्षा जास्त माल होता.

पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर. अशा दिवसांत आगरदांड्याला माझी वहिनी जेटीजवळच्या खोलीत धान्यकोठी चालवते. (मी आपला तिच्याकडे मासे खायला गेलेला दीर. मासे नव्हते, म्हणून तिने कामाला लावलं.)

"सोप्पं आहे, भावोजी. तांदूळ संपला पाहिजे. चार वाजता माणगावचे शेठ बघायला येतायत, तांदूळ त्यांचाच. खोली भरलेली दिसली तर पुढच्या महिन्याचा तांदूळ दुसऱ्या गावाला जाईल."

एवढं सांगून ती जेवण करायला घरी गेली. थोड्याच वेळात पिशव्या संपल्या. मी डोकं चालवलं (इथेच चुकलं!). कोठीतल्या मांडणीवरचे वहिनीचे सगळे स्टीलचे डबे उचलून आणले, तांदळाने भरले आणि जाहीर केलं, "घरी ओतून घ्या, डबा लगेच परत आणा."

पहिला डबा कोळीवाड्यातल्या पार्वतीबाईंनी परत आणला. गच्च सुकट भरून.

"अहो, हे कशाला?"

"रिकामा डबा परत करायचा व्हय? घरात सुकट हाय, तांदूळच नव्हता."

"पण आम्हाला नको ना."

"मंग तुमचा तांदूळ पन घ्या मागारी."

रांगेतल्या दोघींनी आपापले डबे खाली ठेवले. मी घाईघाईने सुकट दोन्ही हातांनी घेतली.

मग प्रत्येक डबा भरूनच येऊ लागला. बोंबील, जवळा, पुन्हा सुकट. ती सुकी मासळी मी वरच्या आळीतल्या शेतीवाल्या बायकांच्या डब्यांत तांदळाबरोबर खपवली. ते डबे वाल भरून आले. वाल कोळणींना दिले, तर त्यांनी खारे बांगडे पाठवले! तांदूळ संपला, पण खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

चारला शेठ आले. कडक शाकाहारी. दारातच त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"इथे तर भरपूर दिसतंय," रुमालातून आवाज आला.

"तांदळाचा दाणा नाही, शेठ," वहिनी म्हणाली. "हे लोकांनी उलट दिलंय. आमच्या भावोजींची कृपा."

शेठ भला माणूस. "तांदूळ पाठवतो," म्हणत ते जवळजवळ पळतच गाडीकडे गेले. तिथे पार्वतीबाई गाठोडं घेऊन उभ्या.

"शेठ, एवढा तांदूळ दिलात. तुमाला मोकळ्या हातानं कसं धाडू?"

शेठना नाही म्हणवेना, गाडीत घेववेना. पार्वतीबाई दुखावल्या तर अख्खा कोळीवाडा तांदूळ परत आणणार, शेठ बिथरले तर तांदूळच येणार नाही. वहिनीने शांतपणे गाडीचं मागचं दार उघडलं.

"भावोजी, बसा."

माझ्या हातून झालेली समाजसेवा ती एवढीच. भर पावसात, खिडकीबाहेर हात काढून, मी माणगावपर्यंत सुकटीचं गाठोडं धरून बसलो. शेठनी शब्द पाळला, आणि निरोप घेताना गाठोडंही मलाच दिलं. परतीची एसटी खचाखच भरली होती, पण माझ्या सीटवर मी एकटाच होतो.