कोरडे तांदूळ

झुंबर जन्मला तो भेदरलेलाच. बैलानं नुसतं शिंग हलवलं की हा बांधापलीकडं. कुणी जरा चढ्या आवाजात हाक मारली की जीभ टाळ्याला चिकटलीच म्हणून समजा. पण निमगाव केतकीच्या पानमळ्यात खुडणीला त्याच्या तोडीचा गडी नव्हता. उजव्या अंगठ्याच्या नखानं देठ असा तोडायचा, की वेलाला पत्ता लागू नये. त्या अंगठ्यावर त्याची चूल पेटायची.

बाप मात्र चोर. तुरुंगातच मेला. त्यामुळं गावात कोंबडी हरवली तरी माना झुंबराच्या दाराकडं वळायच्या.

मळा मोहनरावांचा. त्यांचा लेक सिद्धू, झुंबराच्याच वयाचा. लहानपणी त्यानं जित्या खारीची शेपटी उपटली आणि तसाच, हात न धुता, भाकरी मोडायला बसला. मोहनराव मिशी पिळत म्हणाले, "वाघाचं काळीज हाय लेकाचं!"

दोघांचीही नाळ कापणारी ठमाबाई सुईण पुटपुटली, "वाघ कसला? ह्याच्यात भ्याव घालायचं देव इसरला, आन् झुंबराच्यात दोघांचं घातलं."

छप्पन साली मालकिणीच्या पाटल्या गेल्या. भगतानं तांदूळ मंतरले आणि मळ्यावरच्या सगळ्यांना चावायला दिले. चोराचं तोंड सुकतं, त्याचे तांदूळ कोरडेच पडतात, अशी ती पारख.

सिद्धूनं चावून थुंकले. ओला लगदा! वर म्हणतो, "भगता, मीठ कमी पडलं की रं."

सगळे खदखदले. मग झुंबराची पाळी आली. त्याच्या तोंडातनं कोरडी भुकटी उडाली.

"बापाचं रगात! जातंय कुठं?" मोहनराव कडाडले.

"मालक, मला भ्याव वाटतंय, म्हून तोंड..."

"केलं न्हाय तर भ्याव कशाचं रं?"

त्याचा उजवा अंगठा दगडावर धरला. वरवंटा सिद्धूनंच घातला. हात तसूभर थरथरला नाही.

दिवाळीत सिद्धू बारामतीला त्याच पाटल्या विकताना सापडला. मोहनराव म्हणाले, "घरचं सोनं घरच्यानं नेलं. ह्याला काय चोरी म्हणत्यात?"

झुंबराला वाटलं, आता तरी मळ्यात घेतील. डाव्या अंगठ्यानं खुडायला तो शिकला होता. ठमाबाईला पुढं करून पारावर गेला. ती म्हणाली, "भगता, आता ह्याच्या तांदळाचं काय ते बोल."

भगतानं डोकं खाजवलं. "तांदूळ खोटं बोलत न्हाईत, ठमाबाई. पाटल्या न्हाय, तर दुसरं कायतरी चोरलं आसंल त्यानं."

आणि जो तो उठून आपापल्या घरी काय गेलंय ते बघायला लागला.