बियाणं दोन घरी

काकांनी मोबाइलवर काहीही केलं की पहिला फोन अमरावतीला, लेकीला. "पोचलं का वं?" ती "पोचलं" म्हणेपर्यंत माझ्या दुकानातली खुर्ची सुटत नसे. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल: यंत्रावर विश्वास नाही आणि यंत्राशिवाय चैन नाही.

जठारपेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. काकांनी जन्मभर भाजीपाला पिकवला, पण घरचं बियाणं राखलं काकूंनी. कोणतं वांगं बियाला सोडायचं, चवळीला राख किती लावायची, हे त्या सांगत आणि काका मोबाइलवर रेकॉर्ड करत. काकू गेल्या. अकरा रेकॉर्डिंगं उरली.

"बियानं दोन घरी ठेवा लागते," काका म्हणाले. "एका घरी कीड लागली तं दुसऱ्या घरी वाचते. हे अमरावतीलेबी ठेवून दे."

मी त्यांचा मोबाइल आणि लेकीचा लॅपटॉप एका खात्याला जोडला. चार दिवस लागले. काका दरवेळी नवा पासवर्ड सांगत आणि तोच खरा म्हणून शपथ घेत.

पुढे मोबाइल भरला. तिकडे आहेतच, म्हणून काकांनी इकडची रेकॉर्डिंगं पुसली. तिकडचीही गेली. एका घरी पुसलं की दुसऱ्या घरीही पुसतं, हे मी गाढवाने सांगितलंच नव्हतं.

"घाबरू नका, कचरापेटीत असतील."

"ते तं मी तवाच साफ केली. कचरा काहून ठेवाव घरात?"

तरी मी पेटी उघडून पाहिली. रिकामी होती. मला फार वाईट वाटलं.

आठ दिवसांनी काका आले आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून लेकीसाठी स्वतःच बोलू लागले. "तुही माय म्हणे, मधल्या बहाराचं वांगं बियाले सोडाव." बोलून झालं की माझ्या वाय-फायवरून पाठवायचं आणि अमरावतीला फोन. अशी दहा झाली.

सोमवारी माझं दुकान बंद असतं. मंगळवारी पहाटे काका गेले.

तेरवीनंतर लेकीने त्यांचा मोबाइल माझ्याकडे दिला. "दादा, यात काही राहिलं असंन तं पाहा," म्हणाली आणि अमरावतीला परतली. मी उघडला. सोमवारचं एक रेकॉर्डिंग वाय-फायची वाट बघत होतं.

मी जोडून दिलं आणि तिला फोन केला. पलीकडे तिने ते लावलेलं मला ऐकू आलं. चवळी, राख, मडक्याचं तोंड फडक्यानं बांधायचं, सगळं नीट सांगून झालं. मग सवयीप्रमाणे काकांनी विचारलं, "पोचलं का वं?"

"पोचलं, बाबा," ती म्हणाली.